मत्स्य-आमिष

मत्स्य-आमिष म्हणजे मोठ्या मांसाहारी माशाला गळाकडे आकर्षित करण्यासाठी वापरलेला लहान मासा किंवा अशा माशाची कृत्रिम प्रतिकृती. थंड प्रदेशांतील सरोवरांत ट्राउट व सामन हे मासे पकडण्यासाठी आणि उष्ण प्रदेशांतील तलाव-नद्यांत मरळ, शिंगाडा, बालव यांसारखे शिकारी मासे पकडण्यासाठी या आमिषाचा वापर होतो. पाण्याचे तापमान, माशांच्या जाती आणि साधने प्रदेशानुसार बदलतात. परंतु मोठा मासा लहान माशाला खातो हे तत्त्व सर्वत्र एकच आहे. त्यामुळे मत्स्य-आमिषाचा विषय केवळ गळाच्या कौशल्यापुरता मर्यादित राहत नाही. ज्या पाण्यातील लहान मासे नष्ट होतात, तेथील मोठे मासेही टिकत नाहीत, हे उत्तर अमेरिकेतील महासरोवरांत दिसून आले आहे. पूर्व विदर्भातील तलावांनाही हा संबंध तितकाच लागू पडतो.

शब्दविचार

संस्कृतमध्ये ‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस असा आहे. ‘निरामिष’ म्हणजे मांसविरहित, हा शब्द त्यावरूनच आला. गळाला मांसाचा तुकडा लावण्याच्या प्रथेमुळे ‘आमिष’ शब्दाला प्रलोभन हा अर्थ प्राप्त झाला असून मराठीत आज तोच अधिक रूढ आहे. ‘आमिष दाखवणे’, ‘गळाला लागणे’, ‘गळ टाकून बसणे’ हे वाक्प्रचार मासेमारीतूनच भाषेत आले आहेत. बलवानाने दुर्बलाला गिळावे अशा अराजकाच्या स्थितीला भारतीय राजनीतिशास्त्रात ‘मत्स्यन्याय’ म्हटले आहे. मत्स्य-आमिषाची पद्धत शब्दशः या न्यायावर उभी आहे. गळाला संस्कृतमध्ये ‘बडिश’ असे नाव असून पूर्व विदर्भात त्याला ‘गरी’ असेही म्हणतात.

शिकारी माशाचे वर्तन

मत्स्य-आमिष परिणामकारक का ठरते, हे समजण्यासाठी शिकारी मासा आपले भक्ष्य कसे ओळखतो ते पाहणे आवश्यक आहे. यासाठी तो मुख्यतः तीन ज्ञानेंद्रियांचा उपयोग करतो.

पहिले इंद्रिय दृष्टी होय. स्वच्छ पाण्यात लहान माशाच्या चंदेरी खवल्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश दुरून दिसतो. मासा कलला किंवा उलटला की ही चमक क्षणभर वाढते. दुसरे इंद्रिय पार्श्वरेषा होय. माशाच्या शरीराच्या दोन्ही बाजूंनी कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या या रेषेत पाण्यातील सूक्ष्म कंपने टिपणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यात किंवा अंधारातही जवळून जाणाऱ्या माशाची हालचाल तिच्यामुळे जाणवते. तिसरे इंद्रिय घ्राणेंद्रिय होय. बालव, शिंगाडा, मागूर यांसारख्या मिशा असलेल्या माशांत वास आणि चव यांचे ज्ञान विशेष तीव्र असते; म्हणून मृत माशाचा तुकडाही त्यांना पुरेसा होतो.

शिकारी मासा लहान माशांच्या थव्यातील प्रत्येकाचा पाठलाग करत नाही. त्यात फार शक्ती खर्च होते. जखमी, आजारी किंवा थव्यापासून दुरावलेला मासा तो निवडतो. असा मासा सरळ न पोहता डळमळतो, एका अंगावर कलतो, मध्येच थांबतो आणि पुन्हा निसटण्याचा प्रयत्न करतो. उत्तम मत्स्य-आमिष हे निरोगी माशाचे नव्हे, तर संकटात सापडलेल्या माशाचे अनुकरण असते.

आमिषाचे प्रकार

मत्स्य-आमिषाचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

जिवंत आमिष : लहान मासा जिवंत स्थितीत गळाला लावला जातो. गळ त्याच्या ओठांतून किंवा पाठीवरील पराच्या पुढे, कण्याला इजा होणार नाही अशा रीतीने ओवतात. स्थिर पाण्यात पाठीला लावलेला मासा एका जागी फिरत राहतो. पाण्याला ओढ असेल किंवा दोर ओढत न्यायचा असेल, तर ओठांना गळ लावला जातो. दोराला ठरावीक अंतरावर बांधलेली तरंगणारी कांडी आमिषाची खोली निश्चित करते आणि मासा लागल्याची सूचनाही देते.

मृत आमिष : अखंड मृत मासा, त्याचा उभा काप किंवा लहान तुकडा यांचा समावेश या प्रकारात होतो. तळाशी राहणाऱ्या आणि वासावर येणाऱ्या माशांसाठी शिशाचे वजन लावून ते तळावर ठेवतात. ट्राउट व सामन यांच्यासाठी मृत मासा किंचित वाकवून गळाला लावतात. त्यामुळे तो ओढला असता गोल फिरतो आणि जखमी माशाचा आभास निर्माण होतो.

कृत्रिम आमिष : धातू, लाकूड, प्लास्टिक किंवा रबर यांपासून केलेली माशाची प्रतिकृती म्हणजे कृत्रिम आमिष. चमच्याच्या आकाराचा धातूचा पत्रा पाण्यात ओढला असता दोन्ही बाजूंना डुलतो व चमकतो. अमेरिकेतील ज्युलिओ ब्यूएल यांनी अशा चमच्याचे एकस्व १८५२ साली मिळवले. फिनलंडमधील मच्छीमार लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडापासून लहान माशाची प्रतिकृती कोरली. थव्यातील किंचित वेगळ्या रीतीने पोहणाऱ्या माशावरच शिकारी मासे झडप घालतात, हे त्यांनी पाहिले होते. तीच डळमळ त्यांनी प्रतिकृतीत आणली. पुढे या आमिषाचा प्रसार जगभर झाला.

कृत्रिम आमिषाला वास नसतो, पण ते पुनःपुन्हा वापरता येते आणि त्यासाठी लहान मासे मारावे लागत नाहीत. शिवाय मासा ते सहसा खोल गिळत नसल्यामुळे गळ ओठाला लागतो आणि मासा परत सोडायचा असेल, तर तो वाचण्याची शक्यता वाढते.

भारतीय परंपरेतील उल्लेख

गळ आणि आमिष यांचे शास्त्रशुद्ध विवेचन भारतीय वाङ्मयात बाराव्या शतकातच आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाळ ११२७ ते ११३८) याने ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत कोशग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग या राज्यात समाविष्ट होता. पाच विंशतींत विभागलेल्या या ग्रंथाच्या चौथ्या विंशतीत राजाच्या विनोदांचे, म्हणजे मनोरंजनाचे, वर्णन असून त्यात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. समुद्रातील व गोड्या पाण्यातील माशांचे प्रकार, त्यांना चारा घालून एका ठिकाणी आणण्याची रीत, दोर, गळ व काठी यांची निवड, तसेच माशांनुसार बदलणारी आमिषे यांचे वर्णन त्यात येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आधुनिक अभ्यासकांचे लक्ष त्याकडे वेधले.

माशाची जात ओळखल्याशिवाय आमिष निवडता येत नाही, ही या प्रकरणातील दृष्टी आजही ग्राह्य मानली जाते.

विदर्भातील तलाव आणि मासे

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्व विदर्भातील जिल्हे तलावांसाठी प्रसिद्ध आहेत. गोंड राजांच्या काळात, त्यांच्या प्रोत्साहनाने, मुख्यतः कोहळी समाजाने येथे सिंचनासाठी तलाव बांधले. पुढे मालगुजारांच्या ताब्यात आल्यामुळे ते ‘मालगुजारी तलाव’ किंवा संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हा त्यांपैकी सर्वांत ख्यातनाम तलावांपैकी एक होय. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी तेथील वास्तव्यावर ‘नवेगाव बांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले आहे. नागपूर शहरातील अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा व गांधीसागर आणि रामटेकजवळचा खिंडसी हे या परिसरातील परिचित जलाशय होत.

या तलावांतील मासेमारी परंपरेने ढिवर समाजाकडे आहे. जाळी, पाग, बांबूचे सापळे आणि गळ अशी विविध साधने हा समाज वापरत आला आहे. जाळे मोकळ्या पाण्यात उपयोगी पडते. मात्र पाणवनस्पतींनी भरलेल्या उथळ काठावर ते अडकते. अशा ठिकाणी दडून राहणाऱ्या शिकारी माशासाठी गळ व आमिष अधिक सोयीचे ठरतात. मत्स्य-आमिषाला प्रतिसाद देणारे येथील प्रमुख मासे पुढीलप्रमाणे आहेत.

मरळ : चन्ना वंशातील हा मासा विदर्भात खाद्य म्हणून विशेष मानला जातो. त्याच्या डोक्यावरील मोठे खवले आणि लांबट गोल शरीर यांमुळे तो सापासारखा दिसतो. कल्ल्यांखेरीज हवेतून श्वसन करण्याचे अवयव त्याला असल्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या उष्ण पाण्यातही तो जगतो. श्वासासाठी तो मधूनमधून पृष्ठभागावर येतो. पाण्यावर उठणाऱ्या वलयांवरून जाणकार मच्छीमार त्याचे स्थान ओळखतो. तो वनस्पतींच्या आडोशाला स्थिर राहून भक्ष्यावर अकस्मात झडप घालतो. म्हणून आमिष त्याच्या जवळून, पृष्ठभागालगत आणि सावकाश न्यावे लागते. लहान माशांप्रमाणेच बेडकाची रबरी प्रतिकृतीही त्याच्यासाठी वापरली जाते.

बालव : वॅलागो अट्टू या शास्त्रीय नावाच्या या माशाचे तोंड रुंद, दात तीक्ष्ण व शरीरावर खवले नसतात. तो मुख्यतः रात्री शिकार करतो. त्याच्या दातांनी साधा दोर तुटत असल्यामुळे गळाजवळ तारेचा तुकडा जोडतात.

शिंगाडा : लांब मिशा असलेला हा मासा तळाशी राहतो. नद्या आणि मोठ्या जलाशयांत तो आढळतो आणि तळावर ठेवलेले मृत आमिष घेतो. पाण्यातील शिंगाडा या फळाशी त्याचा संबंध नाही.

वाम : सापासारख्या आकाराचा हा मासा दगडांच्या कपारीत व तळाच्या चिखलात राहतो. गांडूळ, झिंगे आणि लहान मासे हे त्याचे खाद्य होय.

याउलट रोहू, कटला आणि मृगळ हे मोठ्या प्रमाणावर पाळले जाणारे मासे शिकारी नाहीत. कटला पाण्यातील सूक्ष्म प्राणी गाळून खातो, रोहू प्रामुख्याने वनस्पतिजन्य अन्न खातो आणि मृगळ तळावरील कुजलेले सेंद्रिय द्रव्य खातो. त्यांच्यासाठी कणीक, भाताचा कोंडा किंवा पेंड यांचे गोळे वापरतात. लहान मासा गळाला लावून रोहूची वाट पाहणे व्यर्थ होय.

थंड सरोवरांतील ट्राउट व सामन

ट्राउट व सामन हे एकाच कुळातील मासे असून त्यांना थंड आणि प्राणवायूने समृद्ध पाण्याची गरज असते. दहा अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांवर हे प्रमाण सुमारे साडेसात मिलिग्रॅमपर्यंत घटते. तापमानाबरोबर माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. बहुतेक ट्राउट वीस अंशांखालील पाण्यात चांगले वाढतात आणि पंचविसाच्या आसपास त्यांच्या जिवाला धोका निर्माण होतो. उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या नागपूरच्या परिसरातील उथळ तलावांत ट्राउट का जगू शकत नाही आणि मरळ का जगतो, याचे उत्तर या भौतिक नियमात आहे.

खोल सरोवरांत उन्हाळ्यात पाण्याचे थर तयार होतात. वरचा थर उबदार व हलका, तळाचा थंड व जड असतो. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात तापमान थोड्या खोलीत झपाट्याने उतरते. वसंत ऋतूत व शरद ऋतूत सर्व पाणी थंड असल्यामुळे ट्राउट काठाजवळ आणि पृष्ठभागावर येतात. उन्हाळ्यात मात्र ते या मधल्या पट्ट्यात किंवा त्याखाली उतरतात. त्यामुळे थंड सरोवरात आमिषाच्या रूपाइतकीच त्याची खोली महत्त्वाची असते. नाव मंद गतीने चालवत मागे आमिष ओढण्याची पद्धत तेथे प्रचलित आहे. स्वतंत्र तारेला जड गोळा लावून आमिष ठरावीक खोलीपर्यंत नेले जाते; मासा लागताच मुख्य दोर त्या गोळ्यापासून सुटतो.

लहान वयातील ट्राउट कीटक व सूक्ष्म प्राणी खातात. आकार वाढल्यावर अनेक जाती लहान माशांकडे वळतात. म्हणून मोठ्या ट्राउटसाठी मत्स्य-आमिष विशेष उपयुक्त ठरते. प्रशांत महासागरातील सामन अंडी घालण्यासाठी नदीत शिरल्यानंतर खाणे थांबवतात. त्यामुळे भक्ष्यार्थी सामनसाठी हे आमिष समुद्रात किंवा मोठ्या सरोवरातच खऱ्या अर्थाने लागू पडते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील रावस या माशाला इंग्रजी बोलण्यात ‘इंडियन सामन’ म्हणतात. परंतु त्याचा सामनच्या कुळाशी संबंध नाही. तो उष्ण समुद्रातील वेगळ्या कुळाचा मासा आहे.

भारतातील थंड पाणी

भारतात ट्राउट मूळचे नाहीत. ब्रिटिश काळात त्यांची अंडी बाहेरून आणून हिमालयात व दक्षिणेतील उंच डोंगरांवर ते सोडण्यात आले. काश्मीरमध्ये तपकिरी ट्राउटची अंडी आणण्याचा यशस्वी प्रयत्न १९०० साली झाला. काश्मीरमधील गंगाबल, विशनसर व कृष्णसर ही उंचावरील सरोवरे आज ट्राउटसाठी प्रसिद्ध आहेत. निलगिरी पर्वतातील ॲव्हलांच येथील उबवणी केंद्रातून इंद्रधनुषी ट्राउटचा प्रसार झाला. हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदी व बरोटचा परिसर हीही ट्राउटची ठिकाणे होत.

महाराष्ट्रातील डोंगर एवढे उंच नसल्यामुळे येथे ट्राउट वसले नाहीत. येथील गळमासेमारीत महाशीर या देशी माशाला मानाचे स्थान मिळाले. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा उद्योगसमूहाच्या वीजकंपनीने १९७०च्या दशकापासून महाशीरच्या बीजनिर्मितीचे काम केले आहे. महाशीर हा मिश्राहारी असून फळे, गोगलगाई व लहान मासे खातो. धातूचा चमचाही तो घेतो.

लहान मासे व शिकारी मासे यांचे संतुलन

मत्स्य-आमिष ज्या अन्नसाखळीवर आधारलेले आहे, ती तुटल्यास काय होते याचे उदाहरण उत्तर अमेरिकेतील महासरोवरांनी दिले आहे. समुद्रातून कालव्यांवाटे आलेल्या लॅम्प्रे या परजीवी प्राण्यामुळे आणि अतिमासेमारीमुळे तेथील मूळचे सरोवर-ट्राउट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांश भागांतून नाहीसे झाले. शिकारी मासा न उरल्यामुळे बाहेरून आलेल्या एलवाइफ या लहान माशाची बेसुमार वाढ झाली. १९६७ साली मिशिगन सरोवराच्या काठावर मृत एलवाइफचे प्रचंड थर साचले. त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी आणि गळमासेमारीला चालना देण्यासाठी प्रशांत महासागरातील कोहो सामन १९६६ साली व चिनूक सामन १९६७ साली तेथे सोडण्यात आले. एलवाइफ हे त्यांचे मुख्य अन्न ठरले. पुढे २००३-०४च्या सुमारास ह्युरन सरोवरातील एलवाइफ जवळजवळ संपले. त्यापाठोपाठ तेथील चिनूक सामनची मासेमारीही कोसळली.

एकाच परकीय माशावर अवलंबून राहण्याचा आणखी एक दोष दिसून आला. एलवाइफच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट करणारे वितंचक असते. ते सतत खाणाऱ्या सामन व ट्राउटच्या अंड्यांत हे जीवनसत्त्व कमी पडून पिले दगावू लागली.

पूर्व विदर्भातील परिस्थिती वेगळी असली, तरी मूळ प्रश्न हाच आहे. मध्य प्रांतातील मालगुजारी १९५०च्या कायद्याने रद्द झाली आणि तलाव शासनाच्या ताब्यात आले. त्यानंतर मत्स्योत्पादन वाढवण्यासाठी रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडण्याची पद्धत रूढ झाली. या मत्स्यसंवर्धनात शिकारी मासे बीज खातात म्हणून, तर लहान देशी मासे अन्नात वाटेकरी होतात म्हणून नकोसे मानले जातात. लहान माशांना ‘तण मासे’ असे नावच पडले. संवर्धनाच्या तळ्यांत बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकून असे मासे काढून टाकण्याची शिफारस शास्त्रीय पुस्तिकांत आढळते. नव्याने खोदलेल्या बंदिस्त तळ्यात या उपायाला अर्थ असू शकतो. पण शतकानुशतके जुन्या तलावाला तोच नियम लावल्यास मरळ, त्याचे भक्ष्य आणि गळाचे आमिष ही तिन्ही एकदम नाहीशी होतात.

लहान देशी माशांचे आहारातील स्थानही मोठे आहे. ते काट्यांसह खाल्ले जात असल्यामुळे कॅल्शियमसारखी पोषकद्रव्ये त्यांतून मिळतात. मोठा मासा बाजारात विकला जातो. लहान मासा मात्र ढिवर कुटुंबाच्या स्वतःच्या ताटात पडतो. त्यामुळे तलावातील ‘तण’ ठरलेला मासा कमी झाला, तर त्याची झळ प्रथम मासे पकडणाऱ्याच्या घराला लागते.

काठावर पसरणारी बेशरम ही वनस्पती, पाण्यावर आच्छादन करणारी जलपर्णी, गाळ, शेतातून येणारी रसायने आणि शहरी तलावांतील सांडपाणी यांमुळेही लहान माशांचे अधिवास आक्रसले आहेत. माशांना अंडी घालण्यासाठी व पिलांना लपण्यासाठी देशी पाणवनस्पती आवश्यक असतात. हे ध्यानात घेऊन भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवर समाजाच्या सहकार्याने गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात तलावांतील बेशरम काढणे, देशी पाणवनस्पती लावणे आणि देशी मासे परत आणणे, असे काम हाती घेतले. त्यात ढिवर महिलांचा सहभाग लक्षणीय आहे. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाला राहतो, याचे या समाजाकडील परंपरागत ज्ञान या कामाचा आधार ठरले.

जिवंत आमिषाचे धोके

जिवंत मासे एका जलाशयातून दुसऱ्या जलाशयात नेण्याने गंभीर हानी होऊ शकते. मासेमारी संपल्यावर उरलेले आमिष पाण्यात सोडून देण्याची सवय अनेक ठिकाणी परकीय जातींच्या प्रसाराला कारणीभूत ठरली. माशांबरोबर रोगजंतूही प्रवास करतात. महासरोवरांत २००५ साली माशांचा एक विषाणुजन्य रक्तस्रावी रोग उघडकीस आल्यानंतर अमेरिका व कॅनडा येथे जिवंत आमिषाच्या वाहतुकीवर निर्बंध कडक करण्यात आले. जर्मनी, नॉर्वे व स्कॉटलंड येथे जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यास मनाई आहे. त्यामागे प्राण्यांना होणाऱ्या यातनांचाही विचार आहे.

भारतात तिलापिया, आफ्रिकी मागूर आणि डासनियंत्रणासाठी आणलेले गप्पी हे परकीय मासे अनेक पाणवठ्यांत पसरले आहेत. ते सहज उपलब्ध असले, तरी नव्या तलावात आमिष म्हणून नेणे अयोग्य होय. आमिष ज्या पाण्यातून घ्यावे, त्याच पाण्यात वापरावे आणि उरलेले दुसरीकडे सोडू नये, असा सर्वमान्य दंडक आहे.

मरळाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात अंडी घातल्यानंतर नर-मादी पिलांचे रक्षण करतात. पिलांचा दाट थवा पृष्ठभागालगत फिरतो आणि पालक त्याखाली असतात. थव्याजवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर ते तुटून पडतात. या अवस्थेत आमिष टाकल्यास मासा हमखास लागतो. मात्र तो भुकेने नव्हे, तर पिलांच्या रक्षणासाठी आलेला असतो. पालक पकडला गेला की काही वेळात इतर मासे पिलांचा फडशा पाडतात. एका माशाच्या लाभासाठी संपूर्ण वीण गमावली जाते. म्हणून विणीच्या काळात मरळाची मासेमारी टाळणे हिताचे असते.

कायदेशीर बाजू

भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ अन्वये पाण्यात स्फोटके किंवा विष वापरून मासे मारण्यास बंदी आहे. बहुतेक तलावांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. त्यामुळे हौशी गळमासेमारीसाठीही ठेकेदार संस्थेची किंवा संबंधित कार्यालयाची परवानगी लागते. राष्ट्रीय उद्यानांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो.

नागपूर जिल्ह्याच्या सीमेवरील पेंच राष्ट्रीय उद्यानातील तोतलाडोह जलाशय हे या कायद्याच्या व उपजीविकेच्या संघर्षाचे उदाहरण होय. मध्य प्रदेशाच्या बाजूने विस्थापित आदिवासींना दिलेल्या ३०५ मासेमारी परवान्यांचा प्रश्न १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने विस्थापितांची उपजीविका आणि वन्यजीवांचे रक्षण या दोन्हींचा विचार करून कडक अटी घातल्या. जलाशय बांधताना ज्यांची गावे गेली त्यांचा पाण्यावर हक्क किती, हा प्रश्न त्यानिमित्ताने ऐरणीवर आला.

अभ्यास व शिक्षण

महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपूर येथे असून त्याच्या अंतर्गत तेलंखेडी परिसरात मत्स्यविज्ञान महाविद्यालय कार्यरत आहे. मरळासारख्या देशी माशांचे संवर्धन हा आज मत्स्यविज्ञानातील महत्त्वाचा विषय मानला जातो. शिकारी माशाची पैदास तळ्यात करता आली, तरी खुल्या तलावात तो टिकण्यासाठी त्याच्या भक्ष्याची, म्हणजे लहान देशी माशांची, संख्या पुरेशी असावी लागते. थंड सरोवरातील सामन आणि विदर्भातील मरळ यांच्यात हवामानाचे मोठे अंतर असले, तरी दोघांचे अस्तित्व अशा लहान माशांवरच अवलंबून आहे.

हेही पाहा

मरळ
महाशीर
मालगुजारी तलाव
नवेगाव बांध
मानसोल्लास
ढिवर